रिपोर्ट नॉर्मल, फिट मात्र येतेच आहे

प्रति,
सातारा, कराड, सांगली आणि मिरज येथील मेंदूविकारतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट आणि स्कॅन व ईईजी केंद्रांचे चालक यांस



मी खटाव तालुक्यातल्या एका गावात दवाखाना चालवतो. तुमच्यापैकी काहींशी फोनवर बोलणं होतं, बहुतेकांची ओळख लेटरहेडपुरतीच. तुम्ही तपासलेला पेशंट जाडजूड फाईल काखेत मारून परत येतो, फिल्म माझ्या टेबलावर पसरतो आणि विचारतो, "काय निघालं हो डॉक्टर?" तुम्ही त्याला सांगितलेलं असतंच, असं मी धरून चालतो. पण गर्दीच्या ओपीडीत घाईघाईनं सांगितलेल्यातलं घरी पोचेपर्यंत "काही नाही म्हणाले" एवढंच उरतं. एकेकाला गाठून सांगावी अशी ही तक्रार नाही, म्हणून उघड पत्र लिहितो आहे.

आपला भाग दवाखान्यांच्या बाबतीत नशीबवान आहे, हे आधीच मान्य करतो. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून लांबलांबची माणसं "मिरजेला दाखवून येतो" म्हणत आली आहेत. आज मिरजेत आणि साताऱ्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचं आहे. एकेकाळी स्कॅनसाठी पुणं गाठावं लागायचं, आता सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी फिल्म घेऊन घरी येतो. तेव्हा तक्रार मशीन नसल्याची नाही. मशीनमधून निघालेल्या कागदाची आहे.

फिट आलेल्या माणसाचा नेहमीचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. आधी नाकाला कांदा किंवा चप्पल, दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा, मग लिंबू उतरवणं, मग देवऋषी, मग माझ्यासारखा कुणी, आणि शेवटी तुम्ही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर याच मनोवृत्तीशी झगडले. २०१३ मध्ये त्यांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. रस्ता आता बराच आखूड झालाय. कित्येक घरांतून पेशंट थेट दवाखान्यात येतो. पण अलीकडे मला उलटा प्रवास दिसू लागला आहे. तुमच्याकडून "ईईजी नॉर्मल, एमआरआय नॉर्मल" असे दोन कागद येतात आणि घरातलं एखादं जाणतं माणूस म्हणतं, "बघा, मशीनमध्येसुद्धा काही निघालं नाही. म्हणजे हे बाहेरचंच आहे." उसनवारी करून मिळवलेला रिपोर्ट देवऋष्याच्या हातात दाखला म्हणून पडतो. गोळ्या बंद होतात. महिन्या-दोन महिन्यांत पोरगी पुन्हा चुलीजवळ नाहीतर विहिरीच्या काठावर पडते.

यात तुमचा रिपोर्ट चुकीचा नसतो, अपुरा असतो. हान्स बेर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख काढला आणि धीर गोळा करून १९२९ मध्ये तो छापला, तेव्हापासून ईईजीची मर्यादा तीच आहे. कवटीवरून मिळणारा संकेत मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतका बारीक, म्हणजे पेन्सिल सेलच्या दाबाचा साधारण तीस हजारावा भाग. तो आपण वीस-तीस मिनिटं टिपतो, तेही दोन फिटांच्या मधल्या शांत काळात. फिटांचा विकार निश्चित असलेल्या माणसाचाही पहिला साधा ईईजी निम्म्या वेळा नॉर्मल येऊ शकतो, हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नाही. वडूजच्या स्टँडवर वीस मिनिटं बसून गाडी आली नाही म्हणून या मार्गावर एसटीच नाही असं ठरवावं, तसा अर्थ लोक तुमच्या "नॉर्मल" या शब्दाचा लावतात. रिपोर्टच्या तळाशी "क्लिनिकली कोरिलेट करा" असं इंग्रजीत छापलेलं असतं. ते माझ्यासाठी असतं, घरच्यांसाठी नाही. माझी पहिली विनंती एवढीच की त्याखाली मराठीत एक ओळ छापा: "ही तपासणी नॉर्मल आली तरी फिटांचा आजार असू शकतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत." शाई फार लागणार नाही.

तपासणीला बोलावण्याच्या तऱ्हेबद्दलही बोलायला हवं. "रात्रभर जागवून आणा" असं फोनवर सांगितलं जातं, कारण जागरणानंतर, विशेषतः झोप लागताना, आलेखात दोष सापडण्याची शक्यता वाढते. बरोबर आहे. पण केंद्राची वेळ सकाळी दहाची. पोराला रात्रभर मोबाईल दाखवून जागं ठेवलेलं असतं, आई-बाप पहिली एसटी धरतात आणि पोरगं पुसेगाव यायच्या आत आईच्या मांडीवर गाढ झोपतं. तुमच्या टेबलावर येतं ते टक्क जागं. मग आलेखात झोपच नसते, आणि रिपोर्टमध्ये मात्र "जागरणानंतरचा ईईजी" असं असतं. शिवाय जागरणानं फिट येऊ शकते आणि ती एसटीत येऊ शकते, हे कुणी सांगितलेलं नसतं. लांबून येणाऱ्यांना दुपारची वेळ द्या, वाटेत झोपू देऊ नका म्हणून बजावा. डोक्याला तेल न लावता, केस धुऊन या, जेवून या, रोजच्या गोळ्या घेऊन या, हे चार मुद्दे छापील चिठ्ठीवर द्या. लोक सगळ्या तपासण्यांना उपाशीपोटीच जायचं असतं असं समजतात आणि गोळीही चुकवतात. उपाशी पोटानं साखर उतरली तर आलेख त्यानंही बदलतो.

याच्या अगदी उलट टोकाची तक्रारही आहे. डोकेदुखीचं, अभ्यासात मागे पडणारं, किंवा एकदाच चक्कर येऊन पडलेलं मूल कुणीतरी ईईजीला पाठवतं. झोपेच्या उंबरठ्यावर दिसणाऱ्या काही टोकदार लहरी निरुपद्रवी असतात; फिट कधीही न आलेल्या काही मुलांच्या आलेखातही दोष दिसतो. पण रिपोर्टवर "एपिलेप्टिफॉर्म" हा शब्द उमटला की संपलं. मूल तीन वर्षं गोळ्या खातं. मुलगा मोठा होऊन ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेला की फॉर्मवरचा अपस्माराचा प्रश्न त्याच्यासमोर येतो. मुलगी असेल तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. हिंदू विवाह कायद्याच्या विवाहाच्या अटींमधून "अपस्मार" हा शब्द १९९९ च्या दुरुस्तीनं काढला गेला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अपस्मार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही असं म्हटलं. सोयरीक जुळवायला बसलेली मंडळी मात्र न्यायालयाचा निकाल वाचत नाहीत, फाईल वाचतात.

मेंदूच्या लहरींवरचा हा आंधळा विश्वास फक्त गावाकडे आहे असंही समजू नका. २००८ मध्ये पुण्यातल्या न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत आलेखावर आधारलेली चाचणी पुराव्यात धरली गेली आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत. डोक्याला वायरी लावून आलेख निघाला की शिकलेला माणूसही हात जोडतो, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. तपासणीआधी विचारायचे प्रश्न कमी होत चालले आहेत. कॉलेजातली मुलगी, मोठी फिट आली म्हणून आणलेली. एमआरआय नॉर्मल, ईईजी घाईत काढलेला, तोही नॉर्मल, कार्बामाझेपिन सुरू. फिटा थांबण्याऐवजी वाढल्या. तिला "सकाळी उठल्यावर हात झटकन उडतात का, हातातून चहाचा कप निसटतो का" हे कुणी विचारलेलंच नव्हतं. घरचे तिला वेंधळी म्हणत होते. किशोरवयात सुरू होणाऱ्या या मायोक्लोनिक अपस्मारात एमआरआय बहुधा नॉर्मलच असतो, आणि कार्बामाझेपिननं हे झटके वाढू शकतात. त्यावर गुणकारी असलेलं व्हॅल्प्रोएट लग्नाच्या वयाच्या मुलीला देताना गर्भावर होणाऱ्या दुष्परिणामांचं बोलणं आधी करावं लागतं. त्या एका प्रश्नावर औषधाची निवड, बाळंतपण आणि पुढची कित्येक वर्षं अवलंबून होती. तो विचारायला वीज लागत नाही.

असे आणखी प्रश्न आहेत. जत भागात कानडी बोलणारी वस्ती मोठी. कर्नाटकात डोक्यावर गरम पाणी घेताना येणाऱ्या फिटांचा अभ्यास बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. पी. सतीशचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केला. अशा बहुतेक पेशंटचा एरवीचा ईईजी नॉर्मल असतो, आणि कित्येकांना पाण्याची ऊब कमी करूनच फरक पडतो. फिट आंघोळीत आली का, हा प्रश्न सीमेच्या अलीकडे किती जण विचारतात? फिट आंघोळीत आली हे आई स्वतःहून सांगत नाही, तिला ते महत्त्वाचं वाटत नाही. तसंच डोळ्यांचं. खऱ्या अपस्माराच्या मोठ्या फिटेत डोळे सहसा उघडे असतात. डोळे घट्ट मिटून, थांबून थांबून हातपाय आपटत राहणाऱ्या सुनेची गोष्ट बऱ्याचदा वेगळी असते, आणि तिला गोळीपेक्षा कुणीतरी बसून ऐकण्याची गरज असते. याचा पक्का निवाडा व्हिडिओ ईईजीनं होतो, तो तालुक्यात मिळत नाही. पण व्हिडिओ तर प्रत्येकाच्या खिशात आहे. मी नातेवाइकांना सांगतो: पेशंटला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि एकानं मोबाईलवर शूटिंग घ्या. ते घेऊन लोक तुमच्याकडे येतात आणि "आत्ता वेळ नाही, रिपोर्ट दाखवा" असं ऐकून परततात. ते अर्ध्या मिनिटाचं शूटिंग कृपा करून बघा.

प्रश्न नेमका असेल तर मशीन काय करू शकतं, तेही मला ठाऊक आहे. "वर्गात लक्ष देत नाही, मधूनच हरवल्यासारखं बघतं" अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलाला मी समोर कागद धरून दोन-तीन मिनिटं जोरजोरात फुंकर मारायला लावतो. मूल मध्येच थांबून टक लावून बसलं की मी ते ईईजीला पाठवतो. बॉस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये नोंदवलेला, सेकंदाला तीनच्या लयीतला तो ठसठशीत आलेख तुमच्याकडून परत येतो. अशा वेळी मी तुम्हाला मनोमन सलाम करतो.

रेडिऑलॉजिस्ट मित्रांनो, तुमच्याशी थोडं सविस्तर बोलायचं आहे. हायवेला लागलं की "आता आपल्या शहरात ३ टेस्ला" असे फलक दिसतात. दिवाळीला तुमच्या केंद्रांची माणसं मिठाईचा डबा आणि कार्ड घेऊन येतात. (पाकिटाचा विषय इथे काढत नाही, त्याला स्वतंत्र पत्र लागेल.) पण अपस्माराच्या पेशंटसाठी वेगळा प्रोटोकॉल वापरता का, असं विचारलं की समोरून शांतता. जर्मनीतल्या बॉनच्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये एक अभ्यास छापला. औषधांना दाद न देणाऱ्या फिटांच्या पेशंटमध्ये साधा एमआरआय आणि नेहमीचा रिपोर्ट यांतून मेंदूतला दोष ३९ टक्के पेशंटमध्ये सापडला. तोच साधा एमआरआय जाणकारांनी वाचला तेव्हा ५० टक्क्यांत, आणि अपस्मारासाठी खास पद्धतीनं काढून जाणकारांनी वाचला तेव्हा ९१ टक्क्यांत. २०१९ मध्ये अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेनं "हार्नेस" नावाचा सुटसुटीत प्रोटोकॉलही सुचवला: त्रिमितीय टी-वन, त्रिमितीय फ्लेअर, आणि हिप्पोकॅम्पसला काटकोनात घेतलेले टी-टूचे बारीक काप. तो १.५ टेस्लाच्या मशीनवरही चालतो. त्यासाठी नवं मशीन नको, नवा फलक तर नकोच.

याचं महत्त्व केवढं, ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधांनी ७० टक्क्यांपर्यंत पेशंट फिटमुक्त राहू शकतात. उरलेल्यांत, दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिटा न थांबलेल्यांत, कानशिलाच्या आतला हिप्पोकॅम्पस आकसून कडक झालेले कित्येक जण असतात. त्यांतल्या अनेकांना लहानपणी तापात लांबलेली फिट आलेली असते. अशांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. २००१ मध्ये कॅनडात झालेल्या चाचणीत वर्षभरानं शुद्ध हरपवणाऱ्या फिटांपासून मुक्त राहिलेले पेशंट शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के होते, फक्त औषधांच्या गटात ८ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांनी १९९५ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला. मुंबई-पुण्यातही या शस्त्रक्रिया होतात. जाड कापांच्या साध्या एमआरआयवर "कोणताही दोष नाही" असं लिहिलं गेलं की त्या माणसाचा तिथवरचा रस्ता बंद होतो, आणि तो बंद झाल्याचं त्याला कळतही नाही. म्हणून विनंती अशी की माझ्या चिठ्ठीवर "फिटा" असा शब्द दिसला तर हाच प्रोटोकॉल लावा, आणि लावला नसेल तर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा.

दुसरी विनंती प्रश्नचिन्हांबद्दल. मेंदूत एक छोटी अंगठीसारखी गाठ दिसते आणि रिपोर्टमध्ये येतं: "ट्यूबरक्युलोमा? न्यूरोसिस्टिसरकोसिस?" दोन प्रश्नचिन्हं आणि पूर्णविराम. हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. सीटी स्कॅन आल्यावर अशा गाठी भारतीय पेशंटमध्ये वारंवार दिसू लागल्या. कित्येकांना क्षयाची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चांडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या आणि १९८९ मध्ये "लॅन्सेट"मध्ये दाखवून दिलं की त्यांतल्या बऱ्याच टेपवर्मच्या अळीच्या आहेत. बऱ्याच गाठी काही महिन्यांत आपोआप विरतात. या कृमीची अंडी दूषित अन्नपाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे माळकऱ्यालाही हा आजार होतो. आपल्याकडे क्षयही भरपूर आहे, तेव्हा दोन्ही शक्यता लिहिणं समजू शकतो. पण गाठीचा आकार किती मिलिमीटर, भोवतीची सूज किती, गाठी एक की अनेक, आत अळीचं डोकं दिसतं का, आणि तुमचं झुकतं माप कुठल्या बाजूला, एवढं तरी लिहा. त्या दोन प्रश्नचिन्हांच्या मधल्या फटीत पेशंट दीड-दीड वर्षं क्षयाच्या गोळ्या घेतो.

नसांच्या तपासणीबद्दल, म्हणजे एनसीव्हीबद्दल, थोडक्यात. हातापायाला मुंग्या आल्या की लगेच एनसीव्ही, हे थांबवा. साखर, बी-१२, आणि कोपरामागची नस बोटांनी चाचपून बघणं आधी. ज्या मिरजेत कुष्ठरोगाचं जुनं रुग्णालय आहे, त्या भागात जाड झालेली नस बोटांना कळू नये, हे बरं दिसत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना शेवटचं. तुमच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. फिटांच्या पेशंटमधले एमआरआय, ईईजी आणि लक्षणं यांचा मेळ, असले विषय त्यात वर्षानुवर्षं येतात, आणि त्यातले पेशंट आमचे असतात: माण-खटावचे, जत-आटपाडीचे, पाटण-जावळीचे. संमतीपत्रावर त्यांचा अंगठा असतो. पुढे त्या अभ्यासाचं काय झालं, हे त्यांना कळत नाही, मलाही नाही. आमच्या भागातल्या फिटांमागे अळीच्या गाठी किती, बाळंतपणातला गुदमर किती, डोक्याचा मार किती, याचं उत्तर तुमच्या ग्रंथालयातल्या कपाटांत पडून असेल, तर त्याचं मराठीत एक पान करून तालुक्याच्या डॉक्टरांना पाठवा. ते पान वाचून मी उद्या कुणाला काय विचारायचं ते ठरवीन. प्रबंधाला गुण मिळून गेल्यावरही त्याचा एवढा उपयोग होऊ शकतो.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. दोन जिल्ह्यांना मेंदूविकारतज्ज्ञ मोजके, ओपीडी तुडुंब, आणि माझ्यासारखे अनेक जण "प्लीज डू नीडफुल" एवढंच खरडून पेशंट तुमच्या अंगावर ढकलतात. चार ओळींची माहिती आम्ही लिहिली नाही तर तुम्ही काय शोधायचं?

म्हणून माझ्या बाजूनं एक सुरुवात करतो. पुढच्या महिन्यापासून माझ्याकडून येणाऱ्या फिटांच्या प्रत्येक पेशंटबरोबर अर्ध्या पानाचा फॉर्म असेल. फिट पहिल्यांदा कधी आली, झोपेत की जागेपणी, सकाळचे झटके आहेत का, आंघोळीचा संबंध, लहानपणीची तापातली फिट, चालू गोळ्या आणि मात्रा, मोबाईलवर शूटिंग आहे की नाही, आणि या तपासणीतून मला नेमकं काय हवं आहे, एवढं त्यात मी भरून पाठवीन. खाली तुमच्यासाठी दोन चौकटी मोकळ्या ठेवल्या आहेत. एकीत माझ्या प्रश्नाचं उत्तर, इंग्रजीत चालेल. दुसरीत घरच्यांसाठी एक वाक्य, मराठीत. फॉर्म फिल्मच्या पाकिटात घालून परत पाठवावा. त्यातला एखादा प्रश्न निरुपयोगी वाटला तर खोडून, त्याजागी कुठला हवा ते लिहावं. पुढच्या वेळी तसा छापून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खटाव तालुक्यातला एक फॅमिली डॉक्टर